डाव्या हाताची शीर

आमच्या घरी शरीरातल्या प्रत्येक नळीला एकच नाव, शीर. शाळेत रोहिणी आणि नीला पाठ केल्या होत्या, पण अण्णांच्या अँजिओग्राफीनंतर "तीन ब्लॉकेज आहेत, बायपास करावी लागेल" हे ऐकलं आणि त्यातलं काही आठवेना. पायाची शीर काढून हृदयाला जोडतात, एवढंच मला ठाऊक होतं. शेजारच्या काकांच्या पोटरीवरचा लांबलचक व्रण लहानपणापासून पाहिलेला.

म्हणून सर्जन मॅडमनी "काका, तुम्ही उजवे की डावखुरे?" असं विचारलं तेव्हा मी गोंधळून गेले. हृदयाचा आणि हाताचा संबंध काय?

"डावखुरा," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षं कात्री याच हातानं चालवतोय."

मॅडमनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांनी आतून एकेक रोहिणी खाली उतरते. त्यातल्या डावीचं वरचं टोक जागच्या जागी ठेवायचं, खालचं सोडवायचं आणि हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीला ब्लॉकेजच्या पुढे शिवायचं. हा जोड दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जणांत उघडा सापडतो. पायाच्या शिरेचं तसं नाही. दहा वर्षांत साधारण निम्म्या शिरा बंद पडतात किंवा आतून खराब होतात. रोहिणीचा इतका दाब तिनं कधी सोसलेलाच नसतो, त्यामुळे तिची भिंत जाड होत जाते. रोहिणीच्या आतला थर मात्र स्वतःच नायट्रिक ऑक्साइड तयार करतो. त्यानं नळी सैल राहते, रक्ताची गुठळी सहसा धरत नाही.

"म्हणजे अस्तर चांगलं," अण्णा म्हणाले. मला तोवर एवढंसुद्धा नीट समजलं नव्हतं.

रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर मिळेल ते वाचत राहिले. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्ह यांनी छातीतली ही रोहिणी हृदयाला शिवली होती. १९६७ मध्ये क्लीव्हलँडला फावालोरोंनी पायाची शीर वापरली आणि तीच पद्धत जगभर पसरली. पुढे १९८६ मध्ये क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला. ज्यांना फक्त शिरा जोडल्या होत्या, त्यांच्यात मृत्यूचा धोका छातीतली रोहिणी मिळालेल्यांच्या १.६१ पट होता. मनगटाची रोहिणीही पायाच्या शिरेपेक्षा जास्त टिकते, हे १०३६ रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात २०१८ साली दिसलं होतं. माझं ठरलं. सकाळी मॅडमना गाठून म्हटलं, "तिन्ही जोड रोहिणीचेच करा."

त्या चिडल्या नाहीत. अण्णांचा उजवा हात उलटा करून त्यांनी मनगटावरचा जांभळा डाग दाखवला. अँजिओग्राफीची तार इथूनच गेली होती, त्यामुळे आतलं अस्तर दुखावलेलं असणार. पुढे बायपास लागू शकते, तर कुठला हात राखून ठेवायचा, हे तिथे कुणी विचारलं नव्हतं. आम्हालाही सुचलं नव्हतं. ती चुटपुट अजून आहे.

"मग डाव्याची घ्या की," अण्णांनी हात पुढे केला.

मॅडमनी त्यांना मूठ आवळायला सांगितली, मनगटाच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी दाबल्या, मग मूठ उघडायला लावली. तळवा मेणासारखा पांढरा पडला होता. त्यांनी करंगळीकडची बाजू सोडली. तिथलं रक्त लगेच पसरून तळवा लाल व्हायला हवा. मी मनात आकडे मोजत होते. दहा झाले, बारा झाले, बोटांची टोकं अजून फिकीच. "ही काढली तर हाताला रक्त पुरणार नाही," त्या म्हणाल्या. ज्या हातानं आमची शिक्षणं झाली तो हात. मी पुढे काही बोलले नाही.

उरली छातीतली उजवी रोहिणी. पण अण्णांची तीन महिन्यांची साखर ९.२ होती. दोन्ही रोहिण्या काढल्या की मधल्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो, आणि मधुमेहात ती जखम चिघळायची भीती जास्त. सात देशांतल्या ३१०२ रुग्णांवर याचा मोठा अभ्यास झालाय, त्यात भारतातलेही रुग्ण होते. २०१९ साली दहा वर्षांचे निकाल आले. दोन्ही रोहिण्या ठरवलेल्या गटात २०.३ टक्के दगावले, एकच ठरवलेल्या गटात २१.२ टक्के. हा फरक ठाम म्हणावा असा नव्हता. छातीच्या जखमेचा त्रास मात्र ३.५ विरुद्ध १.९ टक्के. अर्थात ठरवलं एक आणि प्रत्यक्षात झालं दुसरं, असेही त्यात बरेच रुग्ण होते, म्हणून तज्ज्ञांचा वाद मिटलेला नाही. मॅडमनी हेही लपवलं नाही. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

शेवटी डावी रोहिणी पुढच्या धमनीला आणि बाकी दोन ठिकाणी पायाची शीर, असं ठरलं. शिरेत झडपा असतात म्हणून ती उलटी करून शिवतात, हे मला ऑपरेशननंतर कळलं. अण्णा पाचव्या दिवशी तीन गोळ्यांच्या यंत्रात श्वास ओढत बसले होते आणि आई त्यांच्या सुजलेल्या पायाखाली उशी सरकवत होती.

आता सहा महिने झाले. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी मी माझ्या हातानं देते, कारण त्या दोन शिरा उघड्या राहायला त्यांची मदत होते. तंबाखूची चंची आईनं चुलीत घातली. साखर ७.१ वर आली आहे. डाव्या छातीवर तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे, रोहिणी जिथून सोडवली तिथेच. परवा ब्लाउज बेतताना अण्णांनी तिथे खडूचं टोक टेकवून पाहिलं, "अजून कळत नाही गं," म्हणाले, आणि डाव्या हातानं कात्री उचलली.