खूण

पुण्यांतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत माझा पुतण्या नोकरीस आहे. "काका, पोलादाचा कठीणपणा कसा मोजतात तें पाहायला या," असें त्यानें परवां आग्रहानें बोलावलें, आणि मीहि कुतूहलानें गेलों.

त्यानें घासून गुळगुळीत केलेला एक तुकडा यंत्राखालीं ठेवला. १० मिलिमीटर व्यासाची गोळी त्यावर टेकली, ३००० किलोंचा भार दहा-पंधरा सेकंद राहिला आणि निघाला. तुकड्यावर टिकलीएवढा खळगा उमटला होता. सूक्ष्मदर्शकानें त्याचा व्यास भरला ४ मिलिमीटर. म्हणजे कठीणपणा २२९. तोच ३ भरता, तर ४१५! भाराला खळग्याच्या पृष्ठफळानें भागायचें, एवढेंच गणित. स्वीडनच्या ब्रिनेलनें ही युक्ति १९०० सालीं जगापुढें मांडली. फारच कठीण पोलादापुढें गोळीहि विश्वासाची राहत नाहीं. तेथें हिऱ्याचें टोंक वापरतात.

पाहतां पाहतां माझें मन हिंगोलीजवळच्या आमच्या गांवीं जाऊन पोंचलें. हिंगोलीचा वेगळा जिल्हा १९९९ सालीं झाला. ही गोष्ट परभणी जिल्ह्यांतल्या दिवसांची. आमच्या लोहारमामांचें यंत्र म्हणजे कानस. पात्यावरून ती नुसती घसरली कीं पोलाद कठीण. तिनें धरलें कीं मऊ. पण नुसता कठीणपणा मामांना पसंत नसे. लाल पातें पाण्यांत बुडविल्यावर तें पुन्हां हलकेंच तापवून, त्यावर पिवळसर-जांभळी छटा चढेपर्यंत ते वाट पाहात. "फार कठीण तें ठिसूळ, बाळ," असें म्हणत.

एके दुपारीं मामा भाकर खायला घरांत गेले असतां मीं वडिलांच्या कुऱ्हाडीचें तयार पातें सांडशींत धरलें, स्वतः भाता ओढून लाल केलें आणि पाण्यांत बुडविलें. चर्र आवाज ऐकून मी धन्य झालों, आणि पातें घेऊन घरीं पळालों! आठव्या दिवशीं बाभळीच्या बुंध्यावर त्याचा टवका उडाला. वडील मामांना चारचौघांदेखत बोलले; त्या सुगीला बलुत्याची ज्वारीहि कमी घातली. मामा तुटक्या कडेवरून बोट फिरवीत राहिले. मग त्यांनीं एकदांच माझ्याकडे पाहिलें. बोलले कांहींच नाहींत. मीहि बोललों नाहीं.

"काका, कसला विचार करतां?" पुतण्यानें विचारलें.

भार निघून गेल्यावर जी खूण मागें उरते, तिचेंच तें यंत्र माप घेतें. मीं त्याला सारी हकीकत सांगितली. ज्यांना ती सांगायला हवी होती, ते दोघे मात्र आतां राहिले नाहींत.