दादरचे टी. टी.

गिरगावाहून दादरास मुंजीनिमित्त जाण्याचा योग नुकताच आला. खोदादाद सर्कलपाशी बसमधून उतरताच नातवाने विचारिले, "आजोबा, ह्याला दादर टी. टी. का म्हणतात? इथे तिकिटे तपासणारे बसतात का?" टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे सांगणे सोपे. परंतु जी गाडी त्याच्या वडिलांनीही पाहिली नाही, ती त्यास कशी दाखवावी? आम्ही तीत बसलो ते आईच्या मांडीवर. घंटेचा नाद तेवढा कानांत उरला आहे.

मुंबईत ट्राम प्रथम धावली ती ९ मे १८७४ रोजी, घोड्यांच्या बळावर. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून, दुसरी बोरीबंदराहून काळबादेवीवरून. दोन्ही पायधुणीस येत. लोखंडी रुळांवर घर्षण अल्प, म्हणून एकदोन घोडे भरलेली गाडी सहज ओढीत. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे, पुढे दोन. आणि प्रारंभी तिकीटच देत नसत! टोकियोत घोड्यांची ट्राम आली ती १८८२ साली, म्हणजे आपण आठ वर्षे पुढे. विजेच्या ट्रामीत मात्र त्यांनी आपणांस मागे टाकिले. त्यांची १९०३ सालची, आपली ७ मे १९०७ची. दुमजली ट्राम १९२० साली आली.

प्लेगानंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टाने दादर-माटुंग्यास मोकळ्या वसाहती आखल्या, आणि गिरगावच्या चाळींतील बिऱ्हाडे तिकडे सरकू लागली. आमचे धाकटे काका गेले, तेव्हा आजीने आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरिला होता म्हणे. घर फुटले, अशीच तिची समजूत. पण लालबाग-परळच्या गिरण्यांवरून ट्राम जात-येत होती. तिच्यायोगे सणावारी काकांचे पान गिरगावातच वाढले जाई. परवाची मुंज त्यांच्याच पणतवाची.

३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदराहून दादरास शेवटची ट्राम आली व मार्ग बंद झाला. टोकियोत एक जुना ट्राममार्ग अद्याप चालू आहे, हे वाचून आम्हांस मत्सरच वाटला.

पुढल्या रविवारी नातवास हुतात्मा चौकात नेले. तेथे कारंज्याच्या दुरुस्तीच्या वेळी जमिनीखाली सापडलेले ट्रामचे रूळ जतन करून ठेविले आहेत. बराच वेळ त्यांकडे पाहून तो म्हणाला, "आजोबा, इथून काका-आजोबांकडे किती आणे पडायचे?"