नळी चढती हवी

इचलकरंजीच्या आमच्या घरी सिलिंडर आला की आई गॅसवाल्याला दारातच थांबवून घ्यायची. तो सील काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचे दोन थेंब टाकायचा. बुडबुडा आला नाही, तरच आई पैसे मोजायची. आज मी इंग्लंडमध्ये मोटरहोममधली, म्हणजे चाकांवरच्या घरांमधली, गॅसजोडणी करतो आणि प्रत्येक काम संपताना बुडबुडाच शोधतो.

गेल्या वर्षी एक निवृत्त डॉक्टर जोडपं नवीकोरी मोटरहोम घेऊन आलं. मूळचे सोलापूरचे. वर्षातले चार महिने युरोपात भटकायचा बेत होता. काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरच्यासारखी रिकामी टाकी देऊन भरलेली नाही का रे मिळत?" ब्रिटनमध्ये मिळते. प्रोपेनची लाल, ब्युटेनची निळी. पण ती टाकी कंपनीच्या मालकीची. इंग्लिश खाडी ओलांडली की तिथले सिलिंडर वेगळे, त्यांची तोंडंही वेगळी, आणि आपली रिकामी टाकी बदलून द्यायला कुणी तयार नसतं. म्हणून आपल्या मालकीचे, पंपावर ऑटोगॅस, म्हणजे गाड्यांसाठीचा एलपीजी, भरता येईल असे दोन सिलिंडर गाडीत पक्के बसवायचे. प्रत्येकी 11 किलोचा.

"मग लाल टाकीच पंपावर नेली तर?" काकांनी विचारलं. हे मात्र कुणीही, कधीही करू नये. पुन्हा भरायच्या सिलिंडरमध्ये एक तरंगता गोळा असतो; द्रव 80 टक्क्यांपर्यंत चढला की तो भरण्याची वाट बंद करतो. लाल टाकीत असं काही नसतं. वरची 20 टक्के जागा कुणाला वाया गेल्यासारखी वाटते, पण 15 अंशांचं द्रव प्रोपेन 50 अंशांपर्यंत तापलं तर ते बारा-तेरा टक्क्यांनी फुगतं. उन्हात उभ्या गाडीत त्या फुगण्याला जागा मिळाली नाही तर पोलाद फाटू शकतं.

नव्या गाडीच्या भिंतीला भोक पाडताना माझा हात आजही जपून चालतो. आधी आतून बारीक छिद्र, मग बाहेरून रंगावर चिकटपट्टी लावून गोल करवत. भिंत म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये दाबलेला फोम. कापलेली कड सीलंटने नीट बुजवली नाही तर पावसाचं पाणी आत मुरतं आणि भिंत आतून कुजत जाते. त्या भोकात भरण्याचं तोंड बसतं. ब्रिटनच्या पंपाची पकड एक, जर्मनीची दुसरी, फ्रान्स-इटलीची तिसरी, स्पेनची आणखी वेगळी. त्यांचे जोड मी एका डबीत घालून देतो.

आता माझ्या मते या कामाचा जो जीव आहे, त्याकडे येतो. 20 अंश तापमानाला सिलिंडरमधला दाब सात बारच्या वर असतो आणि शेगडीला लागतो फक्त 30 मिलिबार. घरच्या रेग्युलेटरमधूनही साधारण तेवढाच दाब बाहेर पडतो. म्हणजे मधला तो छोटा रेग्युलेटर दाब दोनशेपटींहून जास्त उतरवतो. पूर्वी ब्रिटनमध्ये तो सिलिंडरच्या तोंडावरच बसायचा, ब्युटेनला 28 मिलिबारचा आणि प्रोपेनला 37 चा. 2003 च्या सुमारास नियम बदलले. दोन्हींसाठी 30 मिलिबारचा एकच रेग्युलेटर सिलिंडर ठेवायच्या लॉकरच्या भिंतीवर कायमचा बसू लागला. सोय झाली, पण सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये भरदाबाची रबरी नळी आली. पुढच्या काही वर्षांत ऐन थंडीत हीटर बंद पडल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. रेग्युलेटर उघडला की आत तेलकट, चिकट द्रव. रबर मऊ ठेवणारी द्रव्यं गॅस आपल्याबरोबर ओढून आणत होता आणि ती थंड रेग्युलेटरमध्ये साचत होती.

उपाय अगदी साधा आहे. रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडाच्या वर हवा आणि नळी सगळी चढती हवी, कुठेही झोळ न पडता. मग जे काही थिजेल ते उताराने सिलिंडरमध्येच परत जातं. रबराऐवजी पोलादी जाळीची नळी वापरली तर आणखी बरं. काकांच्या गाडीत कारखान्यानेच रेग्युलेटर इतका खाली बसवला होता की नळीला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक आला असता. नव्या गाडीतली जोडणी उखडायची म्हणून काका हळहळले. मी रेग्युलेटर वीतभर वर चढवला. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

लॉकरच्या तळाला भोकं असतात. ती थंड वाऱ्याची म्हणून चिंध्यांनी बुजवलेली मी पाहिली आहेत आणि दर वेळी पोटात गोळा आला आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळालाच तर खाली वाहून बाहेर जायची त्याची ती एकच वाट.

काकूंना हिवाळ्यात आल्प्समध्ये जायचं होतं. त्यांना सांगितलं, दक्षिणेकडच्या देशांत ऑटोगॅसमध्ये ब्युटेन जास्त मिसळलेलं असतं. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायू होतं, ब्युटेन शून्याच्या जवळ येताच द्रवरूपात बसून राहतं. स्पेनमध्ये भरलेला गॅस बर्फात जाण्याआधी संपवा आणि वर चढताना तिथल्या पंपावर नव्याने भरा.

शेवटी पाइपांमध्ये 150 मिलिबार हवा भरून पाच मिनिटं काट्याकडे पाहत बसलो. काटा हलला नाही. मग आम्ही तिघं पंपावर गेलो. आधी चार-पाच लिटरच भरून भरण्याच्या नळीच्या प्रत्येक जोडावर गळतीचा फवारा मारला. भांड्याच्या साबणाचा फेस मी वापरत नाही, त्यातली रसायनं पितळेला बाधू शकतात. प्रत्येक जोड बघताना काकू माझ्या शेजारी वाकल्या होत्या. कुठेच बुडबुडा नव्हता. मग पंपाचं बटण त्यांनी स्वतः दाबून धरलं. आकडे सरकत राहिले. 42 लिटरच्या पुढे गेल्यावर ते मंदावले, आणि काकूंचं बोट बटणावर असतानाच पंप थांबला.