कधीमधी

"घेतेस का गं?" डॉक्टरबाईंनी कागदावरची नजर न काढता विचारलं.

"कधीमधी," मी म्हणाले. ते खोटं होतं. दर शुक्रवार 'कधीमधी'त बसत नाही.

पाळीची तारीख लांब असताना मध्येच डाग दिसायचे. दोन-तीन दिवस, मग बंद. दर महिन्याला नाही, त्यामुळे कशामुळे होतंय याचा अंदाजही येईना.

दारूशी याचा काही संबंध असेल, हे मी मानायलाच तयार नव्हते. त्याला कारण आमच्या घरातलं. दादा प्यायला तर तो 'मित्रांबरोबर बसला होता', आणि मी प्यायले तर 'अगं, उद्या मूलबाळ व्हायचंय तुला!' गर्भाशयाचा धाक इतक्यांदा ऐकला होता की त्यात तथ्य निघालं असतं तर मला तो अपमानच वाटला असता. उलट मीच आईला आजीची अशोकारिष्टाची बाटली दाखवायचे. "वाच, लेबलवर छापलंय, स्वयंनिर्मित अल्कोहोल! पाळीच्या तक्रारींवर तुम्हीच पाजलंत ना हे आम्हाला?" आई गप्प बसायची. चार चमचे अरिष्ट आणि ६५० मिलीची बाटली मी एका तराजूत कशी घालत होते, देव जाणे.

गर्भधारणा नव्हती, सोनोग्राफी स्वच्छ, थायरॉइड ठीक. मग बाईंनी गर्भनिरोधक गोळीची वेळ विचारली. रात्री १०. मोबाइलवर गजर लावलेला. शुक्रवारी रात्री १० वाजता मी कुठे असते, हे मात्र मला कुणी विचारलं नव्हतं.

घरी येऊन कॅलेंडर काढलं. गजर बंद करून 'घरी गेल्यावर घेऊ' म्हणायचं आणि चपला काढून तशीच झोपायचं, असे शुक्रवार निघाले. एकदा गोळी घेतली होती, तर ती तासाभरात उलटीतून गेली. डाग बहुतेक वेळा त्यानंतरच्या दिवसांतले.

पुढच्या खेपेला बाईंनी उलगडून सांगितलं. दारू गोळीचा परिणाम थेट पुसत नाही. पण गोळी चुकली की हार्मोनची पातळी घसरते, गर्भाशयाच्या अस्तराचा आधार सुटतो आणि रक्त दिसतं. गोळीनंतर तीनेक तासांत उलटी झाली, तर ती गोळी चुकलीच असं धरायचं.

मग मी एकदम दुसऱ्या टोकाला गेले. सगळं दारूमुळेच, असं म्हणू लागले. बाईंनी तेही चालू दिलं नाही. रोज भरपूर पिणाऱ्या बाईचं बीज वेळेवर सुटेनासं होतं, पाळी लांबते, कधी बंदच होते. इस्ट्रोजेनचा निचरा यकृत करतं, रक्त गोठवणारे घटकही तिथेच बनतात. यकृत थकलं की दोन्हीकडे गडबड. थोडं पिणाऱ्यांबाबत मात्र संशोधनांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. आणि पिणं सोडलं म्हणून तपासणी टाळायची नाही. पॉलिप, गाठ, गर्भ राहणं, यांतल्या कशानेही रक्त जाऊ शकतं.

"पण तू घेतेस किती?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"दोन बियर" हे उत्तर ओठांवर होतं. पण तोवर मी हिशोब केला होता. ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बियरमध्ये साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १० ग्रॅमच्या मापाने एक बाटली म्हणजे चार ड्रिंक. माझ्या दोन बियर म्हणजे आठ.

"आठ," मी म्हणाले. "दर शुक्रवारी."

त्यांनी कागदावर ८ लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. वर पाहिलंसुद्धा नाही.

गोळीचा गजर आता सकाळी ७ चा आहे. शुक्रवार पूर्ण सुटलेला नाही, एका बाटलीवर आलाय. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. अशोकारिष्टाचा विषय मात्र मी आताशा काढत नाही.