रेकॉर्ड उडालं, असं मी छापणार होतो

पोस्ट लांब आहे. पण गेल्या महिनाभरात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर ज्यांनी "सर्व्हर बंद आहे" ऐकलं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. कार्यालयाचं आणि माणसांची नावं लिहीत नाही.

सुरुवात एका मावशींपासून झाली. त्यांचे वडील १९७१ साली वारले. सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचंच आहे आणि वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला हवा. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला खिडकीतलं उत्तर बदललं : "जुनं रेकॉर्ड उडालंय. अनुपलब्धता दाखला घ्या, मग पुढचं बघा."

अनुपलब्धता दाखला म्हणजे आमच्याकडे नोंद सापडत नाही, असं कार्यालयाने लिहून देणं. तो हातात पडला की १९६९ च्या कायद्याचं कलम १३(३) सुरू होतं. उशिराची नोंद, दंडाधिकाऱ्यांचा आदेश, प्रतिज्ञापत्र, वकील. मावशींचं म्हणणं एवढंच : "अरे बाळा, नोंद केलेली आहे. काकांचा हात धरून मी स्वतः गेले होते तेव्हा."

मला बातमी दिसली. खोटं कशाला बोलू, मथळाही टाइप करून झाला होता : 'हजारो नोंदी गायब, जबाबदार कोण?' फक्त सर्व्हरचा फोटो बाकी होता, म्हणून आत गेलो.

रेकॉर्ड रूमच्या मागे एक खोली. एसी बंद, टेबल फॅन चालू, त्याच्यासमोर बारा-तेरा वर्षांचा धुळीने माखलेला सर्व्हर. जुन्या रजिस्टरांचे कागद हात लावला की तुटतात, काही गठ्ठे तर गळतीत भिजून लगदा झालेत. म्हणून काही वर्षांपूर्वी पानं स्कॅन करून यात ठेवली. त्या भिजलेल्या गठ्ठ्यांपुरतं बोलायचं तर स्कॅन हेच मूळ रेकॉर्ड. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर या पानांना किती गिऱ्हाईक वाढलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

झालं असं होतं. लाईट जा-ये करून विंडोज असलेली छोटी डिस्क गेली. पुरवठादाराच्या माणसाने नवी डिस्क घालून विंडोज सर्व्हर २००८ आर२ परत टाकलं. मशीन चालू झालं, पण स्कॅन ठेवलेला डी ड्राइव्ह दिसेना. त्या डिस्क एका वेगळ्या रेड कार्डाला जोडलेल्या आहेत. पुरवठादाराने पत्र दिलं : कार्ड खराब, डेटा मिळणार नाही, नवीन सर्व्हर घ्यावा. सोबत कोटेशन. ते पत्र माझ्या बातमीचा पुरावा होतं.

तिथे एक ऑपरेटर आहे, आउटसोर्सिंगवरचा. पगार कधी होतो ते विचारू नका. तो हळूच म्हणाला, "दादा, कार्ड मेलं असतं तर इथे दिसलंच नसतं ना."

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अदर डिव्हायसेस'खाली 'रेड कंट्रोलर', आणि त्यावर पिवळा त्रिकोण. मी आजवर पिवळं चिन्ह म्हणजे बिघाड, असंच समजत होतो. त्याने उघडून दाखवलं : कोड २८. म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. गल्लीत नवा पोस्टमन यावा तसं आहे हे. घर दिसतंय, कोणाचं ते त्याला माहीत नाही. म्हणून घर पडलं असं होत नाही.

मग त्याने मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. मशीन चालू होताना, विंडोज यायच्या आधी, काळ्या पडद्यावर कार्ड स्वतःची माहिती सांगतं. दोन-तीन सेकंदांत निघून जाते, कोणी वाचत नाही. पोराने शूटिंग करून ते थांबवलं होतं. एक व्हर्च्युअल ड्राइव्ह सापडला, असं कार्ड स्वतः सांगत होतं. इतके दिवस, रोज सकाळी.

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, इंजिनिअर तू का तो?"

कार्ड कोणाचं ते शोधायची रीत सोपी आहे. त्या त्रिकोणाच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी असतो. आमचा होता व्हेंडर १०००, डिव्हाइस ००५बी. १००० हा एलएसआय कंपनीचा क्रमांक, ००५बी म्हणजे मेगारेड एसएएस २२०८ ही चिप. इथे इंजिनिअर अडला असेल, तर तेवढं मी समजू शकतो. एलएसआय आता त्या नावाने राहिलेली नाही. २०१४ मध्ये ती अवागोने घेतली. २०१६ मध्ये अवागोने ब्रॉडकॉम विकत घेतली आणि नावही तेच लावलं. कार्डावर एक नाव, ड्रायव्हर तिसऱ्याच नावाखाली.

साहेबांकडे परवानगी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही उद्या छापणार असाल, तर आज बघून घ्या."

पोराने दोन अटी घातल्या. विंडोज 'इनिशिअलाइज' करू का विचारेल, तर नाही म्हणायचं. आणि कार्डाच्या मेनूत नवा ॲरे बनवायचा नाही. पुरवठादाराचा माणूस पुढच्या भेटीत नेमकं तेच करून बघणार होता. नवा ॲरे करून इनिशिअलाइज केला असता, की खरंच सगळं उडालं असतं आणि माझी बातमी खरी ठरली असती.

पहिला ड्रायव्हर लागला नाही. कोड ५२, सही पडताळता येत नाही. नव्या ड्रायव्हरची डिजिटल सही एसएचए-२ पद्धतीची असते. ती ओळखायला या विंडोजला २०१५ चा एक अपडेट लागतो, आणि नुकत्याच टाकलेल्या विंडोजमध्ये एकही अपडेट नव्हता. या विंडोजचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवलाय. मशीनला इंटरनेट नाही, ते एका अर्थी बरंच आहे. पोराने जुन्या सहीचा जुना ड्रायव्हर शोधला, पेनड्राइव्हवर आणला, लावला, मशीन परत चालू केलं.

डी ड्राइव्ह आला. खर्च चहाचा.

मी फोल्डर उघडायला निघालो, तर त्याने हात धरला. आधी कॉपी. दोन बाहेरच्या डिस्कवर. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही ती हिरवी पट्टी सरकताना बघत बसलो. मग १९७१ उघडलं. मावशींच्या वडिलांचं पान तिरकं स्कॅन झालंय, कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठाही आलाय. नोंद मात्र स्वच्छ वाचता येते.

मथळा मी पुसला. पुरवठादाराच्या पत्रावर एक शंका मला यायला हवी होती, ती अशी : डेटा मेला हे सांगणारा आणि नवीन सर्व्हर विकणारा माणूस एकच आहे. वीस वर्षं टेंडरच्या बातम्या करतोय, आणि हे मला एका कंत्राटी पोराने शिकवलं.

माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. स्कॅनची दुसरी प्रत आधी का नव्हती, देखभालीचे पैसे घेणाऱ्याने ड्रायव्हरची सीडी का ठेवली नाही, आणि या काळात किती जणांना अनुपलब्धता दाखले दिले. ज्यांना ते मिळालेत, त्यांनी वकिलाकडे जाण्याआधी खिडकीवर पुन्हा अर्ज करा आणि पोच घ्या.

मावशींना गुरुवारी दाखला मिळाला. वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकलीय. मी म्हटलं, दुरुस्ती करून घेऊ. त्या म्हणाल्या, "राहू दे रे, आधी तलाठ्याकडे जाऊन येते."