सात दिवसांची रोजकीर्द

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावले गेलेले हे अंतर १९२१ साली अधिकृत ठरले. शर्यतीच्या दिवशी लोक टाळ्या वाजवतात, पण धावणाऱ्याची खरी कमाई त्याआधीच्या आठवड्यांत होते. डिसेंबरमधील अशाच एका आठवड्याची ही नोंद.

पुण्याच्या रविवार पेठेत आमचे दुकान आहे. गादीवर बसून वयाची पन्नाशी उलटली आणि रक्तातील साखर सीमारेषेवर आली. मधुमेहाने वडिलांच्या पायांचे काय केले, हे आमच्या घराने जवळून पाहिले आहे. म्हणून चालणे सुरू केले; चालण्याचे धावणे झाले. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनला आता पाच आठवडे उरले होते.

सोमवार विश्रांतीचा. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीतच. विश्रांतीही सरावाचाच भाग आहे. मंगळवारी ८ किलोमीटर संथ धाव. संथ म्हणजे किती? तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे इतकी. बुधवारी सणस मैदानावर ८०० मीटरच्या सहा वेगवान फेऱ्या आणि दोन फेऱ्यांमध्ये दम घेत हळू धावणे, असे एकूण ९ किलोमीटर. गुरुवारी पुन्हा संथ १०. शुक्रवारी पाय, कंबर आणि पोट यांचे व्यायाम, शनिवारी ५ आणि रविवारी लांब धाव : सारसबागेहून खडकवासल्यापर्यंत जाऊन परत, सुमारे २८. आठवड्याची बेरीज ६०.

रविवारची धाव या सर्वांचा कणा. शरीरात साठवलेली शर्करा साधारणतः तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपू लागते आणि पाय शिशासारखे जड होतात. मुंबईत पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, नेमका त्यानंतरच येतो. तेथे टिकण्याची सवय शरीराला अशा लांब धावांनीच लागते.

आमच्या घरी जेवण सूर्यास्तापूर्वी; डिसेंबरात म्हणजे सहाच्या आत. त्यामुळे शनिवारचे दुपारचे जेवणच भरभक्कम घ्यावे लागते : वरण, भात, पोळ्या. पाणीही सूर्योदयानंतरच, म्हणून सोबती पाच वाजता निघत असले, तरी मी सहाला निघतो आणि सातच्या सुमारास उजाडले की पहिला घोट घेतो. इतर धावपटू उकडलेले बटाटे किंवा मधाची जेल जवळ ठेवतात. माझ्या खिशात खजूर आणि खडीसाखर असते. अडचण कधी आली नाही, नियोजन मात्र करावे लागले.

त्या आठवड्यात गुरुवारी रात्री डाव्या नडगीत दुखू लागले. स्नायूचे दुखणे पसरट असते. हे एकाच ठिकाणी, हाडावर बोट ठेवताच कळणारे होते. असे दुखणे हाडाला बारीक चीर पडत असल्याची सूचना असू शकते. शुक्रवारचे व्यायाम आणि शनिवारची धाव सोडली. रविवारी दुखणे जवळजवळ नव्हते, म्हणून निघालो. सौ. एवढेच म्हणाली, ‘‘आज पायाचं ऐका, घड्याळाचं नको.’’

धायरी फाट्याच्या पुढे आठव्या किलोमीटरवर तीच जागा पुन्हा बोलू लागली. पुढे धरण, मागे घर. शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत अंतर कमी करायचे असते, म्हणजे लांब धावांचे रविवार मोजकेच उरले होते. हा दिवस सोडणे जिवावर आले. तरीही वळलो आणि बरेचसे अंतर चालत घरी आलो.

नियोजित ६०, प्रत्यक्षात ४३. आपण व्यापारी माणसे. तूट दिसली की ती दुसऱ्या दिवशीच भरून काढायला हात शिवशिवतात. पण हुकलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात चढवले, तर तीच नडगी ते व्याजासह वसूल करते. ते अंतर सोडूनच द्यायचे असते. सोमवारी डॉक्टरांनी तपासून दहा दिवस धावणे बंद ठेवायला सांगितले. सायकल आणि पोहणे चालेल म्हणाले.

मुंबईला जाणे होईल की नाही, हे हाडावर अवलंबून. मात्र मी धावू लागलो ते पदकासाठी नव्हे, सत्तरीतही स्वतःच्या पायांनी दुकानाच्या पायऱ्या चढता याव्यात यासाठी. त्या हिशेबात हे १७ किलोमीटर तोट्याच्या रकान्यात लिहिण्याचे कारण नाही.