वर्दीबाहेरचा एअर व्हाइस मार्शल

वाशीम

चि. ताईस,


तुझं पत्र मिळालं. वायुदलाच्या निवडीत मुलाखतीपर्यंत सगळं पार पडून वैद्यकीय तपासणीत अडलं, हे वाचून घरात सगळ्यांना वाईट वाटलं. समजूत काढण्याची पत्रं तुला बरीच आली असतील, म्हणून मी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचंच उत्तर देतो. तू विचारलंस, वायुदलाला बाहेरची, राखीव माणसं लागतात का, आणि असा माणूस तिथे किती वर जाऊ शकतो?

लागतात. आपल्याकडे 1952 साली राखीव आणि सहायक वायुदलांचा कायदाच झाला. संकटकाळी देशातले परवानाधारक वैमानिक आणि विमानांचे तंत्रज्ञ हाताशी असावेत, हा त्यामागचा एक विचार होता. अमेरिकेत तर जेम्स स्टुअर्ट हा सिनेनट दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानं उडवून आला, पुन्हा सिनेमात रमला आणि राखीव वायुदलात 1959 साली ब्रिगेडियर जनरल झाला. आपल्याकडचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे उद्योगपती जेआरडी टाटा. त्यांची पदं मानद होती, ती लढाईतल्या कामगिरीची नव्हती, हे आधीच सांगतो. 1948 साली ग्रुप कॅप्टन, 1966 साली एअर कमोडोर आणि 1974 साली एअर व्हाइस मार्शल. लष्करातल्या मेजर जनरलच्या बरोबरीचं हे पद.

तरुणपणी त्यांनी फ्रान्सच्या सैन्यात वर्षभर सक्तीची सेवा केली होती, पण वायुदलात नोकरी कधीच केली नाही. मग हा मान कशाचा? माझ्या मते तो टपालाच्या पोत्यांचा आहे.

10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला. त्या काळी इंग्लंडहून येणारं हवाई टपाल कराचीपर्यंत येई आणि पुढे रेल्वेनं जाई. नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वायुदलातल्या माजी वैमानिकानं सुचवलं की ते पुढेही विमानानंच न्यावं. सरकारनं अनुदान दिलं नाही, तरी टाटांनी सेवा सुरू केली. 15 ऑक्टोबर 1932 च्या सकाळी जेआरडी एका इंजिनाचं पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले. विमानात ना रेडिओ, ना वाट दाखवणारं कुठलं यंत्र. अहमदाबादला उतरले तेव्हा पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! आपल्याकडे सोयाबीन बाजार समितीत नेणाऱ्या गाड्या तू पाहिल्या आहेस, तशाच गाडीतून आलेलं पेट्रोल ओतून विमान पुन्हा उडालं आणि दुपारी जुहूच्या मैदानावर टेकलं. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल व्हिन्सेंटनं नेलं. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात बुडे, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवत. पण टपाल वेळेवर पोचे. पहिल्या वर्षात त्यांच्या विमानांनी 1 लाख 60 हजार मैलांचं उड्डाण केलं, 155 प्रवासी आणि जवळपास पावणेअकरा टन टपाल वाहिलं.

या वेळ पाळण्यातच देशाची राखीव शक्ती तयार होत होती. रोज ठरल्या वेळी विमान उडवायचं तर मेकॅनिक लागतात, हवामान वाचणारी माणसं लागतात, कोरडी आखीव धावपट्टी लागते. लढाईलाही हेच लागतं. काश्मीरच्या लढाईत 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरला शीख पलटण उतरवायची वेळ आली, तेव्हा वायुदलाची विमानं अपुरी होती; नागरी कंपन्यांची डाकोटा विमानं आणि त्यांचे वैमानिक त्या कामी लागले. पुढच्या वर्षी जेआरडींना पहिलं मानद पद मिळालं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1930 साली आगाखानांनी इंग्लंड-भारत एकट्यानं उडण्याचं बक्षीस लावलं होतं. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनीअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमधल्या अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी खोळंबला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी थोडक्यात जिंकला. तोच पुढे वायुदलात गेला आणि 1960 ते 1964 या काळात वायुदलप्रमुख झाला. मी त्या बक्षिसापेक्षा त्या प्लगांना मोठं मानतो.

जेआरडी काही सगळ्यांना पटणारे नव्हते. स्वातंत्र्यानंतर रात्रीच्या हवाई टपालाची योजना निघाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री आपल्या नागपूरला भेटून पोती बदलत. या योजनेवरून जेआरडींचं मंत्री रफी अहमद किडवाईंशी जाहीर वाजलं. आपण विदर्भातली माणसं, आपल्याला नागपूरचा तो मान गोड वाटतो, पण नीट विचार न करता विमानं उडवायची नाहीत हा जेआरडींचा हेका मला चुकीचा वाटत नाही. टाटांची ती विमानसेवा, म्हणजे एअर इंडिया, 1953 साली सरकारकडे गेली, 1978 साली त्यांना अध्यक्षपदावरून दूर केलं गेलं. तरी 1982 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण एका जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा केलं.

आता तुझ्याबद्दल. वाशीमहून विमान गाठायचं तर दुसऱ्या शहरात जावं लागतं, तेव्हा आपल्याकडे या क्षेत्राची माहिती सांगणारं कोणी भेटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वायुदलाची वैद्यकीय कसोटी आणि नागरी परवान्याची कसोटी वेगळ्या असतात. विमान देखभाल अभियंत्याच्या अभ्यासक्रमाला तर वैमानिकाची वैद्यकीय परीक्षा लागतच नाही. बारावीला तुझे भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता असलेल्या संस्थांची यादी मागवून घे, मान्यता नसलेल्या ठिकाणी एक रुपयाही भरू नकोस, आणि नागपूरला जाऊन शिकवणारी माणसं स्वतः भेटून ये. फीचं काय करायचं ते आपण तुझ्या बाबांशी बसून बोलू. त्याआधी नागरी वैद्यकीय तपासणी करून घे आणि निकाल मला कळव.

तुझा,
मामा